गाडीला उन्हाळी

टायर ही निवडून घ्यायची वस्तू आहे, असं मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. निवडून घ्यायची ती भेंडी, लग्नाची साडी आणि फार तर जावई. टायर हा गाडीबरोबर येतो, गाडीबरोबर झिजतो आणि एक दिवस हिंजवडीत नाहीतर हडपसरला, म्हणजे घरापासून जास्तीत जास्त लांब, फुस्स करून आपलं अवतारकार्य संपवतो. त्यात निवड कसली आलीय?

मी १९८४ साली भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला चिकटलो आणि चौतीस वर्षांनी तिथूनच सुटलो. नोकरी लागल्यावर चेतकसाठी नंबर लावला. आकुर्डीचा कारखाना आमच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, तरीही स्कूटर यायला इतकी वर्षं लागली की मधल्या काळात माझं लग्न झालं आणि पाठीमागं बसणारं माणूस स्कूटरच्या आधी घरी आलं. त्या स्कूटरचे टायर मी वीस वर्षं वापरले. वीस वर्षं तेच टायर, असं नव्हे. पण जवळपास तेच. चेतकची तिन्ही चाकं सारखी. मागचा टायर झिजला की पुढं, पुढचा स्टेपनीला आणि स्टेपनी मागं, असं आमचं त्रिस्थळी भ्रमण चाले. तिन्ही गुळगुळीत झाले की रबर चढवून घ्यायचं. टायर चिरला की आतून गेटर मारायचा. एकदा तर आमच्या टायरात मूळ टायर जास्त आहे की गेटर, यावर पंक्चरवाल्यात आणि माझ्यात मतभेद झाला होता. तेव्हा टायरचं मोठेपण एकाच गोष्टीवर ठरे: किती चालला? 'पस्तीस हजार चालवला' असं सांगताना माणसाची छाती मुलगा बोर्डात आल्यासारखी फुगायची.

ही सगळी पूर्वपीठिका अशासाठी की, पुढं जे रामायण झालं त्यात माझा गुन्हा नेमका काय होता ते आधीच कळावं.

आमची लेक इंजिनियर झाली आणि चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागली. चाकण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजून कांद्याचा बाजार उभा राहतो. हिच्या डोळ्यांसमोर रोबोट उभे राहतात. निगडी प्राधिकरणातून स्पाइन रोडनं मोशी, तिथून इंद्रायणी ओलांडून नाशिक रस्त्यानं चाकण, असं जाताना वीसेक किलोमीटर आणि येताना तेवढंच. त्यातून दर पंधरवड्याला दुसरी पाळी, म्हणजे सुटेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. कंपनीची बस होती. पण दोन वर्षांपूर्वी तिनं एक दिवस घरासमोर लाल रंगाची एक बुटकी मोटार आणून उभी केली. जुनी होती, पण तिचा थाट जुना नव्हता. फोक्सवॅगनची पोलो, तीही जीटी.

"बाबा, स्पोर्टी आहे," ती म्हणाली.

मी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. स्पोर्टी म्हणजे काय, तर मागच्या सीटवर माझ्या आईला बसवताना तिला आधी दुमडावं लागतं. बाकी इंजिन छोटं आणि त्याला टर्बो. पायानं नुसतं विचारलं तरी पळत सुटायचं. ही गाडी चाकणच्याच कारखान्यात जन्मलेली. फोक्सवॅगनचा तो कारखाना २००९ साली सुरू झाला आणि पोलो तिथं २०२२ पर्यंत बनत होती. म्हणजे आमची ही लाल गाडी रोज सकाळी माहेरच्या वाटेनं जाते आणि रात्री सासरी परत येते. आमच्या हिला वर्षातून दोनदा माहेरी जायला मिळतं, त्यामुळं तिचा गाडीवर थोडा रागच आहे.

आता स्पोर्टी गाडी आणि चाकणचा रस्ता यांचं गोत्र कसं जमायचं, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलेला. १६६० साली शाइस्ताखान प्रचंड फौज घेऊन चाकणच्या किल्ल्यावर आला आणि फिरंगोजी नरसाळ्यानं त्याला जवळजवळ दोन महिने बाहेर उभं केलं. हल्ली ते काम तळेगाव चौक करतो. त्या चौकात सायंकाळी पाळी सुटायच्या वेळेला उभी राहिलेली आमची टर्बो पाहिली की, पिंजऱ्यातला वाघ आणि सर्कशीतला हत्ती दोघांचीही एकदम कीव येते.

असो. गाडी घेतली तेव्हाच लेक म्हणाली होती, "बाबा, टायर मूळचेच आहेत. २०१८चे. बदलून टाकू या."

मी खाली वाकलो. (हल्ली वाकल्यावर उठायची खात्री नसते, पण टायरसाठी वाकलो.) खिशातून रुपया काढला आणि नक्षीच्या खाचेत घालून पाहिला. रुपया बऱ्यापैकी आत गेला. टायरच्या खाचेत मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून १.६ मिलीमीटर उरली की टायर त्या उंचवट्यांना टेकतो, मग तो बाद. इथं तर उंचवट्यांच्या वर भरपूर माल शिल्लक.

"नक्षी आहे अजून," मी निकाल दिला. "दोन वर्षं आरामात जातील. पैसे काय झाडाला लागतात?"

तिनं ऐकलं. बापाचं ऐकायची तिची ही वेळ चुकली, हे मला पुढं कळायचं होतं.

२०२५ सालच्या मे महिन्यातला एक रविवार. आमरसाचा बेत होता. पहिली वाटी संपता संपता लेक म्हणाली, "या आठवड्यात गाडीला उन्हाळी टायर घ्यायचेत."

माझ्या आईचं वय सत्त्याऐंशी. तिला ऐकू कमी येतं, असं नाही. तिला निवडक ऐकू येतं. वाक्यातला 'टायर' तिनं सोडून दिला आणि उरलेलं नेमकं पकडलं.

"कुणाला उन्हाळी लागलीय?"

"कुणाला नाही गं, गाडीला!" मी म्हणालो.

"लागणारच. दिवसभर उन्हात उभी. सब्जा भिजवून दे म्हणावं. नाहीतर धण्याजिऱ्याचं पाणी."

लेक हसून हसून रसात पडायची बाकी राहिली. हिनं मात्र गंभीरपणे विचारलं, "उन्हाळी टायर म्हणजे? मग पावसाळी वेगळे, हिवाळी वेगळे? तीन तीन सेट ठेवायचे कुठं? माळ्यावर माझे कुरडयांचे डबे आहेत."

शंका रास्त होती. मग लेकीनं आम्हा सर्वांचा वर्ग घेतला. उन्हाळी टायर ही भानगड थंड मुलखातली. आमच्या गाडीचं आजोळ जर्मनीत. तिथं लोक वर्षातून दोनदा चाकं बदलतात, आपण दुलया आणि चादरी बदलतो तशी. रस्त्यावर बर्फ किंवा निसरडी थंडी असताना हिवाळी टायरांशिवाय गाडी चालवायची नाही, असा २०१०पासून तिथं कायदाच आहे. हिवाळी टायरांवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल अशी खूण असते. त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं. उन्हाळी टायरांचं रबर ७ अंशांच्या खाली उतरलं की कडक व्हायला लागतं. पण त्याच्या वर, उन्हात म्हणा की पावसात म्हणा, रस्त्याला जी मिठी मारतं ती दुसरं कुणी मारत नाही.

"म्हणजे पावसातसुद्धा?" हिनं विचारलं.

"पावसातच जास्त. नाव उन्हाळी, पण काम पावसाळ्याचं. उकाड्याचा पाऊस त्यांना चालतो, बर्फ चालत नाही."

म्हणजे हिशेब असा निघाला की, आपल्याकडे पुण्यात जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा ७च्या खाली जातो, आणि त्या पहाटे कुणी शहाणा माणूस गोधडीतून बाहेर पडत नाही. तेव्हा आपण आजवर वापरले ते सगळे टायर उन्हाळीच. माझ्या चेतकचेसुद्धा! इतकी वर्षं उन्हाळी टायर वापरून मला त्याचा पत्ता नव्हता. गद्य बोलतो हे माहीत नसताना जन्मभर गद्य बोलणाऱ्या माणसासारखी माझी अवस्था झाली.

"मग प्रश्नच मिटला," मी रसाची दुसरी वाटी ओढली. "आहेत तेही उन्हाळीच ना? नक्षी आहे अजून."

"पण मला परफॉर्मन्सवाले हवेत."

हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. नोकरीत दर मार्चला साहेब माझा परफॉर्मन्स तपासायचे आणि दर एप्रिलला माझी पगारवाढ राहायची. टायरचा परफॉर्मन्स म्हणजे वेग, असं मी धरून चाललो आणि बापाच्या भूमिकेत शिरलो. वेगाची नशा, तरुण रक्त, संयम, मर्यादा, वगैरे. भाषण चांगलं झालं. शेवटी मी टायरविषयीचा आमच्या पिढीचा एकमेव प्रश्न विचारला, "किती चालतात?"

"तीसेक हजार. चाळीस, फार तर."

"आणि साधे?"

"पन्नास-साठ."

"आणि किंमत?"

"एकेकाला नऊ हजारांच्या घरात."

म्हणजे पैसे जास्त आणि चालणार कमी! चार टायरांच्या त्या रकमेत माझ्या तरुणपणी दोन चेतक सहज आल्या असत्या, स्टेपनीसकट. असला सौदा स्टोअरमध्ये चौतीस वर्षं घालवलेल्या माणसापुढं मांडणं म्हणजे वारकऱ्याला बिर्याणी वाढण्यासारखं होतं.

लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही सारखं किती चालतात ते विचारता. किती फुटांत थांबतात, ते विचारा की."

मी काही विचारलं नाही. आंबा गोड होता.

पण टायर मनातून जाईना. सायंकाळी कट्ट्यावर विषय काढला. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना सगळ्या विषयांतलं कळतं. "अहो, टायर म्हणजे शेवटी काय? काळं आणि गोल!" असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. दुसरे एक गृहस्थ टेल्कोत पेंटशॉपला होते. ते म्हणाले, टायर घ्यायचा तर दगडासारखा घ्यावा, ठोकून पाहावा. तिसऱ्यांनी, टायरच्या कंपन्या जाणूनबुजून लवकर झिजणारे टायर काढतात, त्यात अमेरिकेचा हात आहे, असं सांगितलं. अमेरिकेचा हात नसलेली गोष्ट आमच्या कट्ट्यावर चर्चेला येतच नाही.

मंगळवारी लेकीची सुट्टी होती. आम्ही चिंचवडमधल्या एका टायरच्या दुकानात गेलो. गाडीची चावी लेकीकडे आणि पाकीट माझ्याकडे, अशी वाटणी होती. बाप निवृत्त झाला तरी टायरचे पैसे बापानं द्यायचे, असं मीच म्हणून बसलो होतो. तेवढंच एक मत तरी राहतं.

दुकानात शिरल्यावर नव्या रबराचा जो वास येतो तो मला आवडतो. भिंतीवर टायर ओळीनं लावलेले. नावं अशी की आपण टायर घ्यायला आलोय की सैन्यात भरती व्हायला, ते कळू नये. एकाचं नाव ईगल. एकाचं पायलट स्पोर्ट. एकाचं पोटेंझा; हा इटालियन शब्द, अर्थ ताकद. या पोटेंझावाल्या ब्रिजस्टोननं २०१३ पासून आपल्या चाकणलाच टायर करायला सुरुवात केलीय, हे दुकानदारानं अशा सुरात सांगितलं की जणू ते त्याचे मेहुणे लागतात. मी तोंडातल्या तोंडात 'पोटेंझा' म्हणून पाहिलं. पोटाच्या एखाद्या औषधाचं नाव वाटतं.

"साइझ?" दुकानदार.

"१९५/५५ आर १६," लेक. तिनं हे इतक्या सहज म्हटलं की मला माझा बुटाचा नंबर आठवेना.

मग मी टायरची कुंडली शिकलो. ही सगळी कुंडली टायरच्या अंगावर कोरलेली असते, फक्त चष्मा लागतो. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५५ टक्के. म्हणजे १०७ मिलीमीटर, आपल्या वितीच्या जेमतेम निम्मी. भिंत बुटकी असली की वळणावर टायर लचकत नाही. मात्र खड्डा आला की तो टायर खात नाही, आपली कंबर खाते. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचे इंच. पुढं ८७ व्ही. ८७ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरनं ५४५ किलो पेलायचे. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत चालेल.

"दोनशे चाळीस!" मी किंचाळलो. "कुठं? मोशीला?"

"काका, ती टायरची ताकद झाली. पळवायचंय कुणाला?" दुकानदार म्हणाला. "जो टायर दोनशे चाळीसला तग धरतो तो साठला तापणार नाही."

हे मला पटलं. पैलवानाला पिशवी धरायला दिली तर पिशवी पडत नाही.

पुढं आणखी अक्षरं. अमेरिकेची एक पद्धत आहे. तिच्यात झिजेचा आकडा देतात. (कट्ट्यावरचे गृहस्थ अगदीच चुकीचे नव्हते.) आकडा मोठा तितका टायर टिकाऊ. एका टायरवर ५००, दुसऱ्यावर ३००. माझा हात आपोआप ५००कडे गेला. लेकीनं तो धरून ३००वर ठेवला. म्हणाली, "अंगठ्यानं दाबून बघा." मी हापूस दाबतात तसा दाबला. मग दुसरा दाबला. दुसरा खरंच नरम होता. नख लावलं तर किंचित रुतत होतं. "हा जो नरमपणा आहे ना, तोच रस्त्याला चिकटतो. चिकटतो म्हणून झिजतो. दोन्ही गोष्टी एकाच टायरात जास्तीत जास्त मिळत नाहीत, बाबा." युरोपात म्हणे टायरला आपल्या फ्रिजसारखी चिठ्ठी लावतात, ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए, बी, सी असे मार्क. आपल्याकडेही २०२२ साली सरकारनं ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि फिरताना होणारा विरोध यांचे किमान नियम काढले. तोवर आपल्याकडे टायर रस्त्याला किती धरतो हे देवावर सोडलेलं होतं. देवानं पुष्कळ सांभाळलं म्हणायचं.

मला आता माझं ज्ञान दाखवायची संधी हवी होती. ती मिळाली. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानदारानं काढलेल्या टायरवर ०८२३ होतं.

"२०२३चा आठवा आठवडा!" मी गरजलो. "दोन वर्षं जुना माल? ताजा काढा!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. चौतीस वर्षं मी स्टोअरच्या खिडकीत बसून एकच मंत्र म्हटला होता, आधी आलेला माल आधी जाईल. 'नवा काढा ना साहेब' म्हणणाऱ्यांना हाकलून दिलं होतं. आज मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो आणि त्या सगळ्यांचे शाप एकदम फळत होते. दुकानदारानं निमूटपणे मागून २०२५चा माल काढला. तेवढ्यात त्यानं 'नायट्रोजन भरू का?' असंही विचारलं. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी मी पैसे देणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. दिवसभरात माझं एवढं एकच म्हणणं कुणी खोडलं नाही.

गाडी जॅकवर चढवली. दुकानातल्या पोऱ्यानं जुना टायर रिमवरून सोडवला आणि माझ्यापुढं लोळवत आणला. त्याच्यावर १११८ कोरलेलं. सात वर्षांचा. नक्षी अजून होती, मी म्हटलं होतं तशीच. पोऱ्यानं नख मारलं. टक् असा आवाज आला.

"काका, ह्यो दगूड झालाय. नक्षी बघू नका, रबार बघा. उन्हानं मेलंय." मग खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दाखवल्या. रुपयाला त्या दिसल्या नव्हत्या. मलाही दिसल्या नव्हत्या.

दुकानदार लेकीला म्हणाला, "मॅडम, हे पावसात नेले नाहीत ना? कुठं घसरली नाही ना गाडी?"

"घसरली," लेक म्हणाली. टायरकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "परवा आठ तारखेला. वळीव आला होता त्या रात्री. मोशीच्या पुलाच्या अलीकडे."

मग तिनं दुकानदाराला सांगितलं. मला नव्हे, मी नुसता तिथं होतो. रात्रीचे पावणेबारा. पहिलाच पाऊस, म्हणजे रस्त्यावरचं महिन्यांचं ऑइल आणि धूळ वर आलेली, सगळीकडे साबण. गाडीचा वेग साठ, जास्त नव्हता. पुढं एक ट्रेलर उभा, मागचे दिवे बंद. तिनं ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थडथडायला लागलं, म्हणजे ब्रेक आपलं काम करत होते, आणि गाडी जातच होती. साठाच्या वेगात गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. थांबली तेव्हा ट्रेलरचं मागचं लोखंड बॉनेटपासून एवढं. तिनं दोन हातांनी अंतर दाखवलं. आपण मांजराचं पिल्लू केवढं आहे ते दाखवतो तेवढं.

आठ तारीख मला आठवत होती. त्या रात्री ती आल्यावर जेवली नव्हती. आम्ही समजलो, कँटीनमध्ये खाऊन आली असेल. हिनं पोळ्या सकाळी गाईला घातल्या.

"घरी बोलली नाहीस?" मी विचारलं.

"आजीला झोप लागली नसती," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आणि तुम्ही म्हणाला होता, नक्षी आहे."

दुकानदार समंजस होता. तो एकदम हिशेबाच्या वहीत शिरला.

मी जुन्या टायरवर बसून राहिलो. समोर पोऱ्या नवा टायर रिमवर चढवत होता. दुकानदार काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होता, की टायर केवढा दिसतो काका, पण जमिनीला टेकतो तो तळहाताएवढाच. चार टायर, चार तळहात. गाडी, माणसं, सामान, सगळं त्याच्यावर. मी माझा तळहात पाहिला. मग लेकीचा पाहिला. तिचा लहान आहे, आईवर गेलाय.

हवेचा टायर चालता केला तो जॉन बॉइड डनलॉपनं, बेलफास्टला, १८८८च्या सुमाराला. डनलॉप काही इंजिनियर नव्हता. जनावरांचा डॉक्टर होता. पोरगा तीनचाकी सायकलवरून दगडांच्या रस्त्यानं जाताना धक्के खातो, म्हणून बापानं चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बांधल्या. त्यानं तेव्हा 'या किती चालतील?' असं विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

"साहेब, तीनशेवाला फायनल ना? की पाचशेवाला बघताय?" दुकानदार.

"तीनशेवाला. चारही. आणि स्टेपनीचं काय?"

"स्टेपनी नवीच आहे, बाबा. वापरलीच नाही."

"साल बघ," मी म्हणालो.

स्टेपनीही १११८च निघाली. डिकीच्या अंधारात सात वर्षं बसून तिचंही वय झालेलं. तीही बदलली. तीच एक साधी घेतली, कारण खिसा अखेर खिसाच असतो. शिवाय अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. टायरच्या एका अंगावर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेर आली पाहिजे. चारही चाकांना प्रदक्षिणा घालून, प्रत्येकापुढं वाकून मी ते तपासलं. उठवायला दोनदा पोऱ्या लागला.

निघताना दुकानदार म्हणाला, "नवा टायर पहिले दोनशे किलोमीटर जरा जपून. वरचं गुळगुळीत कातडं निघून गेलं की मग खरी पकड येते. आणि हवा थंड टायरात तपासायची, पळवून आणल्यावर नाही."

घरी आलो तर चेअरमन फाटकातच. चारी चाकं बघून म्हणाले, "बसवले का उन्हाळी?" आणि पुढच्याच सोमवारी, २६ मे रोजी, मोसमी पाऊस पुण्यात दाखल झाला. नेहमी तो जूनमध्ये येतो. त्या वर्षी त्याला कुणीतरी आमच्या टायरांचं सांगितलं असावं. चेअरमन छत्री घेऊन खाली उभेच होते. "संपला की हो उन्हाळा! आता परत घेतात का ते?"

आईनं खिडकीतून विचारलं, "बरी झाली का गाडीची उन्हाळी?"

"झाली."

"सब्ज्यानंच होते."

दोनशे किलोमीटर म्हणजे लेकीच्या हिशेबानं पाच दिवस. तो आठवडा दुसऱ्या पाळीचा होता. मी म्हणालो, मी येतो बरोबर, सहज. चाकणला माझा एक जुना सहकारी असतो, त्याच्याकडे सायंकाळ काढीन. लेकीनं माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही. सहकाऱ्यानं पहिल्या दिवशी चहा आणि भजी दिली, दुसऱ्या दिवशी चहा, तिसऱ्या दिवशी तो देवळात गेला होता. चौथ्या आणि पाचव्या दिवशी मी कारखान्याच्या फाटकाबाहेर टपरीवर बसून पेपर वाचला, जाहिरातींसकट.

माझ्या बाजूला ब्रेक नाही, हे मला पहिल्याच रात्री कळलं. तरी तळेगाव चौकापासून निगडीपर्यंत मी उजवा पाय इतका दाबत होतो की खालची चटई सरकली. टायरांचा आवाज मात्र लहान मुलाच्या श्वासासारखा, सारखा आणि हलका.

पाचव्या रात्री कुरुळीच्या पुढं पाऊस धो धो आला. वायपर पुरेनात. मोशीच्या पुलाच्या अलीकडे पुढचा टेम्पो एकदम थांबला. लेकीनं ब्रेक दाबला. मीही दाबला. पट्टा छातीत रुतला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. टेम्पो अजून चांगला लांब होता, मध्ये एक रिक्षा बसली असती. ती खरंच बसली. डावीकडून एक रिक्षा आली आणि त्या जागेत घुसली.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तिनं काच पुसली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा पाय काढा आता. तुमच्याकडे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे," मी म्हणालो. "किती झाले?"

तिनं मीटर पाहिलं. "एकशे सत्त्याण्णव."

"मग उद्यासुद्धा यावं लागेल."

"तीन किलोमीटरसाठी?"

"दोनशे म्हणाला होता तो."

रिक्षावाल्यानं उगीचच भोंगा वाजवला.